सहा झाली, चार हाताशी आली

या आठवड्याचं पत्र बेळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या, खानापूर तालुक्यातल्या एका आजींचं आहे. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून त्यांनी ते लिहून घेतलंय. गावाचं नाव काढून, थोडं आटोपशीर करून, बोली त्यांचीच ठेवून देते.

"ताई, नमस्कार. आमचं गाव जांबोटीच्या पुढं, रानात. खाली वीस-पंचवीस घरं, वर धनगरवाड्यावर सहा. लेक गोव्याला कामाला असतोय. सून चंदगडकडची. पहिलं बाळंतपण माहेरला झालं. बाळ दीड महिन्याचं असताना तिकडं सुया दिल्या आणि रात्रभर ताप. बाळ कण्हालंय, सून रडालीय, मला फोनवर फोन. तिसऱ्या महिन्यात ती इकडं आली ती भर पावसात. ओढ्यावरचा साकव गेलता, नर्सबाई दोन-अडीच महिने आलीच नाही. आली तेव्हा म्हणाली, हे कार्ड महाराष्ट्रातलं, इकडं नाव नाही, इकडचं तायी कार्ड करून घ्या, तालुक्याला या. तालुक्याला जायचं तर दिवस मोडतोय, गाडीभाडं जातंय आणि तिथं सगळं कन्नडात.

खरं ताई, हे सगळं निमित्त. मीच नको म्हटलंय. रामदुर्गाकडं सुई दिल्यावर तीन बाळं गेली ते आमी टीव्हीत बघितलंय. आमच्या वेळी कुठं होत्या एवढ्या सुया? मला सहा झाली, चार हाताशी आली, चारी धडधाकट हाईत. नातू आता नऊ महिने पुरा झाला. आशाबाई चारदा येऊन गेली. शेवटी म्हणाली, आजी, तुमच्याकडं बघून धनगरवाड्यावरच्या बायकापण थांबल्यात. सून माझ्याशी धड बोलत नाही. लेक म्हणतोय, आई तू अडाणी. मी नातवाचं वाईट चिंतीन काय? माझं चुकालंय काय ते सांगा."

अक्का,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, मग बाकीचं बोलू. भ्यालात त्यात तुमचं काही चुकलं नाही. लस थांबवली ते चुकलं. आणि ही चूक अजून दुरुस्त होते, म्हणून घाईनं लिहायला बसले.

मी 30 वर्षं नर्स म्हणून तुमच्या तालुक्यात आणि शेजारच्या तालुक्यांत फिरले. लशीचा डबा खांद्याला लावून साकव ओलांडलेत, आणि साकव वाहून गेला म्हणून अर्ध्या वाटेतून परतही आले. त्यामुळं साकव, कार्ड, कन्नड, गाडीभाडं यांना तुम्ही निमित्त म्हटलंत तरी मी म्हणणार नाही. बाळाची लस चुकते ती बहुतेक वेळा अशाच गोष्टींनी चुकते. एकदा चुकते, मग तारीख निघून जाते, मग नर्सबाई रागावेल म्हणून जायची लाज वाटते, आणि त्या लाजेच्या जागी हळूहळू भीती येऊन बसते. पण भीती तुम्ही स्वतःच्या तोंडानं कबूल केलीत, तर तिथूनच सुरुवात करते.

रामदुर्गाचं खरं आहे. 2022 च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन तान्ही बाळं दगावली. ते कुणी तुमच्यापासून लपवू नये, आणि "तसं काही नसतं हो आजी" म्हणून उडवूनही लावू नये. तुमच्या आशाताईनं उडवून लावलं असेल तर तिला माझ्या वतीनं सांगा की त्यानं भीती वाढते. लशीच्या बाटल्या नियमाप्रमाणं ठेवल्या आणि हाताळल्या गेल्या नव्हत्या, असं प्राथमिक चौकशीत पुढं आलं आणि संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. तीच लस त्या आधी आणि नंतरही देशभर कोट्यवधी मुलांनी घेतली आहे.

आता हे नीट ऐका, कारण इथं तुमचं काम आहे. गोवर-रुबेलाची लस बाटलीत पावडर होऊन येते. द्यायच्या वेळी तिच्यात तिचंच पाणी मिसळतात. ते पाणीही तिच्याबरोबरच आलेलं, थंड ठेवलेलं लागतं. मिसळल्यापासून ती फक्त 4 तास वापरायची. तिच्यात जंतू मारणारं काही घातलेलं नसतं, त्यामुळं हाताचा, सुईचा एखादा जंतू आत गेला आणि बाटली तशीच राहिली, तर तो आत वाढतो आणि विष तयार करतो. म्हणून 4 तास झाले की उरलेली लस टाकून द्यायची, एकाच बाळाला दिलेली असली तरी. काल उघडलेली बाटली आज वापरायची नाही, म्हणजे नाहीच. बाळाच्या जन्मानंतर दंडावर देतात त्या बीसीजीलाही हाच नियम आहे. पाच रोगांवरची पेंटा लस आणि पोलिओचे थेंब यांच्या बाटल्यांची गोष्ट वेगळी. त्या नीट ठेवल्या तर उघडल्यानंतरही 28 दिवसांपर्यंत चालतात.

तुम्ही दूध कसं राखता? नासलं तर म्हैस विकत नाही, तपेली नीट घासली होती का, कुणाचा ओला हात लागला का, ते बघता. तीन बाळांच्या जिवापुढं ही उपमा फार लहान आहे, कळतंय मला. पण बघणं तेच आहे, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. नातवाला घरात ठेवून तुम्ही त्याची राखण करताय असं तुम्हाला वाटतंय. ती राखण लस देतात त्या ठिकाणी उभं राहून करा. तिथं काय बघायचं, ते सांगते.

नर्सबाईंच्या डब्यात बर्फाचे आइसपॅक आहेत ना ते बघा. लस ना गरम चालते ना गोठलेली, 2 ते 8 अंशांच्या मध्ये लागते. मग बाटली हातात न घेता नुसती दाखवायला सांगा. तिच्या लेबलावर किंवा टोपणाजवळ एक छोटा जांभळट गोल असतो, त्याच्या आत एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असला की लस उन्हा-उष्णतेनं बिघडलेली नाही. चौकोन गोलाइतकाच गडद झाला किंवा त्याहूनही गडद, तर ती बाटली कुणालाच द्यायची नाही. अक्का, तुम्हाला अक्षर ओळख नसली तरी हे वाचता येतं. खरं तर हे चिन्ह तेवढ्यासाठीच केलंय, कुठल्याही भाषेच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी कळावं म्हणून.

तो चौकोन फक्त उष्णतेचं सांगतो. बाटली कधी उघडली ते तो सांगत नाही. ते तोंडानं विचारायचं: "बाई, ही गोवराची बाटली किती वाजता फोडली?" चांगली नर्स बाटलीवर वेळ लिहिते. लिहिली नसेल तर तुम्ही विचारल्यावर लिहील, आणि पुढच्या दहा बाळांसाठी ते बरं होईल. तुमचं बाळ पहिलंच असेल तर बाटली समोर उघडायला सांगा. एका बाळासाठीसुद्धा बाटली उघडावी असाच नियम आहे. "अजून चार मुलं आली की उघडू" असं कुणी म्हणालं, तर शांतपणे बसून राहा, उठून जाऊ नका.

सुईचं पाकीट तुमच्या समोर फोडायला सांगा. आता सरकारी लसीकरणात वापरतात त्या सिरिंजचा दांडा एकदा दाबला की परत मागं येत नाही, त्यामुळं ती दुसऱ्यांदा वापरताच येत नाही. आणि लस झाल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. नर्सबाई थांबायला सांगतात ते त्यांच्या सोयीसाठी नसतं. क्वचित एखाद्या बाळाला लगेच त्रास होतो, तो झाला तर औषध हाताशी असावं म्हणून.

असे प्रश्न विचारले तर बाई रागावतील, असं वाटतं ना? काही रागावतील. मीही माझ्या तरुणपणी रागावले असते. खरं आज सांगते, विचारणारी आजी समोर बसली की नर्सचा हात जास्त जपून चालतो.

आता तापाचं. दीड महिन्याला आलेला तो ताप पेंटाचा असावा. त्या एका सुईत पाच रोगांवरची लस असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ, आणि मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा हिब नावाचा जंतू. यातला डांग्या खोकल्याचा भाग ताप आणतो. बऱ्याच बाळांना येतो. मांडी लाल होते, सुजते, बाळ किरकिरतं, आणि एक-दोन दिवसांत सगळं उतरतं. तुमच्या नातवाचंही उतरलं असणार.

पण हे त्या रात्रीच्या आधी कुणी सांगायला हवं होतं. इथं मला माझी एक गोष्ट सांगायचीय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका वाडीवर मी संध्याकाळी घाईघाईनं सुया दिल्या. ओढ्याला पाणी चढत होतं, मला अंधाराच्या आत परतायचं होतं. ताप येईल, आला तर काय करायचं, एवढंही मी सांगितलं नाही. रात्री एका बाळाला ताप आला. घरच्यांनी त्याला घोंगडीत गुंडाळून, पावसातून, कंदिलाच्या उजेडात डांबरी रस्त्यापर्यंत चालत आणलं. बाळाला काही झालं नाही. पण त्या वाडीनं पुढची दोन वर्षं मला दारात उभं केलं नाही, आणि त्या दोन वर्षांत तिथं जन्मलेली मुलं लशीविना राहिली. ती चूक माझी होती, त्यांची नव्हती. तुमच्या सुनेनं ती रात्र एकटीनं काढली, तिलाही कुणी दोन वाक्यं सांगितली नसणार. म्हणून तुमच्या भीतीला मी अडाणीपणा म्हणत नाही, आणि तुमच्या लेकानंही म्हणू नये. त्याला हे वाचून दाखवा.

या वेळी निघण्यापूर्वीच नर्सबाईंकडून तापाचं पॅरासिटामॉल मागून घ्या, आणि बाळाच्या वजनाप्रमाणं किती आणि किती तासांनी द्यायचं ते विचारून घ्या. अंदाजानं चमचा भरायचा नाही. सुई टोचली तिथं हळद, चुना, पाला, गरम शेक काही लावायचं नाही. ओलं, स्वच्छ फडकं ठेवलं तर चालतं. अंगावर पाजणं चालू ठेवायचं. मात्र बाळ तीन तासांहून जास्त सलग किंचाळत राहिलं, आकडी आली, अंग ढिलं पडलं, पिणं सोडलं, किंवा लस घेतल्यावर काही तासांतच जोराचा ताप, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब एकदम सुरू झाले, तर सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा. तुमच्याकडं रानात मोबाईलला रेंज नसते, म्हणून रेंज कुठल्या टेकाडावर मिळते आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, ते लस घ्यायच्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

अक्का, तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. "मला सहा झाली, चार हाताशी आली." हे तुम्ही असं लिहून घेतलंत जणू पावसाळ्याचं सांगताय. तुमच्या वयाच्या कितीतरी बाया मला असंच सांगायच्या, पाच झाली तीन राहिली, सात झाली पाच राहिली. सांगताना आवाज बदलायचा नाही, हात मात्र पदराच्या टोकाशी चाळा करायचे. ती दोन कशानं गेली ते तुम्ही लिहिलं नाही, मी विचारणारही नाही. एवढंच सांगते की त्या काळी आपल्याकडं पुष्कळ बाळं जात ती गोवरानं, गोवरामागून आलेल्या न्यूमोनियानं, जुलाबानं, डांग्या खोकल्यानं, घटसर्पानं, आणि नाळ कापताना झालेल्या धनुर्वातानं. आज या प्रत्येकावर काही ना काही लस आहे. तुमच्या वेळी सुया कमी होत्या हे खरं. म्हणूनच सहातली चार.

आणि सुया नव्हत्याच असंही नाही. तुमचा डावा-उजवा दंड बघा. वयानं तुम्ही माझ्या आसपासच्या दिसता, तर देवी काढल्याच्या गोल खुणा असतील. आपल्या आज्या तेव्हाही पोरं लपवायच्या, देवी काढणारा आला की माळ्यावर चढवायच्या. आज कुणाच्या तोंडावर देवीचे व्रण बघितलेत? एखाद्या खूप म्हाताऱ्या माणसाच्या बघितले असतील. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 सालचा. आपण प्रदर्शनाला, फिरायला जातो ते बेळगावचं टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो, त्याचं नाव उगाच पडलेलं नाही. तिथं देवीची लस तयार होत असे. ज्या रोगाला आपण देवी म्हणून हात जोडले, तो रोग आपल्याच जिल्ह्यात तयार झालेल्या लशीनंही हटवलाय, हे तुमच्या नातवाला मोठेपणी जरूर सांगा.

गोवर मात्र गेलेला नाही. लहानपणी गोवर आला की कडुनिंबाचा पाला उशाशी, घरात फोडणी बंद, हे आपण दोघींनीही पाहिलंय. बाळाला गारवा, शांतता मिळायची, त्यात वाईट काही नाही. पण गोवर अंगावरचे पुरळ गेल्यावरही काम करत राहतो. दुसऱ्या आजारांशी लढायची बाळाची ताकद तो काही महिने, कधी कधी वर्षंही खाऊन टाकतो. म्हणून गोवर "बरा झाल्यावर" बाळ जुलाबानं किंवा छातीत कफ होऊन जायचं. आणि तो पसरतो इतका की लस नसलेल्या लोकांत एका रुग्णापासून 12 ते 18 जणांना होतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहतो. आमचं गाव रानात, इथं कोण येतंय, असं म्हणू नका. तुमचा लेक गोव्याहून येतो, यात्रेला पाहुणे येतात, सून माहेरी जाते. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवराची साथ आली आणि लस न झालेली लेकरं गेली. तिथं दवाखाने हाकेच्या अंतरावर होते. तुमच्या गावाहून दवाखाना किती लांब, ते तुम्ही मला सांगायची गरज नाही.

"सुई घेतली की पुढं मूल होत नाही" असं मोबाईलवर फिरतं, त्यात काहीही तथ्य नाही. त्यावर याहून जास्त शब्द घालवत नाही.

आता नातवाचं पुढं काय. पहिला डोस वाया गेलेला नाही. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, जिथं थांबलं तिथून पुढं जायचं. पेंटाचे दोन डोस राहिलेत, ते चार आठवड्यांच्या अंतरानं. बरोबर पोलिओ, जुलाबावरचे रोटाचे थेंब, न्यूमोनियाची लस. आणि 9 महिने पूर्ण झालेत म्हणून गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि अ जीवनसत्त्वाचं तोंडातून द्यायचं औषधही त्याच दिवशी घेता येतं. म्हणजे पहिल्या दिवशी मांड्या आणि दंड मिळून तीन-चार सुया होतील. आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिथं बघून तुमचं काळीज हलेल. एका वेळी दिल्यानं लशी एकमेकींना बाधत नाहीत, आणि तुमच्याकडून तालुक्याला पुन्हा पुन्हा येणं किती अवघड ते बघता एकाच दिवशी उरकणं बरं. गोवराचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान असतो, तो विसरायचा नाही. साधी सर्दी, खोकला, बारीक ताप असला तरी लस घेता येते. पहिला वाढदिवस व्हायच्या आत हे सुरू झालं पाहिजे, कारण काही लशी वर्षानंतर नव्यानं सुरू करता येत नाहीत.

कार्डाचं ऐका. महाराष्ट्रातलं माता-बाल कार्ड आणि कर्नाटकातलं तायी कार्ड, दोन्हींवर वेळापत्रक एकच, केंद्राचं. कन्नडात तायी म्हणजे आई. आपण ताई म्हणून बहिणीला हाक मारतो, ते कार्ड आईच्या नावानं आहे. चंदगडचं कार्ड घेऊन जा, फाडू नका, लपवू नका. त्यावर ज्या तारखा आहेत त्याच इकडच्या कार्डावर उतरवून घ्यायच्या. सुनेनं माहेरी जो मोबाईल नंबर दिला होता तो सांगितला, तर यू-विन नावाच्या सरकारी नोंदीतही बाळाचं नाव सापडू शकतं. नावच सापडलं नाही तरी बाळाला लशीविना परत पाठवता येत नाही. कार्ड कुठल्या राज्याचं, कार्ड आहे का नाही, यावर लस अवलंबून नसते, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट असते. तुम्हाला परत पाठवलं ते चुकीचं झालं. लेकीला बाळंतपणाला माहेरी पाठवायची आपली रीत आहे आणि आपली निम्मी माहेरं सीमेपलीकडं आहेत, हे इकडच्या यंत्रणेला ठाऊक नाही असं थोडंच आहे? प्रत्येक माहेरवाशिणीचं बाळ यादीतून गळतं, आणि दोन्हीकडच्या याद्यांना वाटतं ते पलीकडच्या यादीत आहे. सीमाप्रश्नाच्या आंदोलनात दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या की मग पलीकडं जाऊन डोस घेण्याचाही रस्ता राहत नाही. म्हणून इकडंच नाव लावून घ्या.

कन्नडचंही तसंच. दवाखान्यात मराठीतून माहिती मिळावी ही आपली मागणी रास्त आहे, ती मीही करते. पण तिचा निकाल लागेपर्यंत बाळ वाढायचं थांबत नाही. दोन वाक्यं पाठ करून जा. "इदु याव लसिके?" म्हणजे ही कुठली लस. "मत्ते यावाग बरबेकु?" म्हणजे परत कधी यायचं. लसिके शब्द आपल्या लशीसारखाच आहे, विसरणार नाही. पुढची तारीख आकड्यांत लिहून घ्या, आणि सुनेला ती घरी कॅलेंडरवर खूण करायला सांगा. कुठली लस दिली, पुढं कधी यायचं, काय त्रास होईल, आणि कार्ड जपून ठेवा, या चार गोष्टी प्रत्येक आईला सांगणं हे नर्सचं कामच आहे. एखादी सांगितली नाही तर विचारून घ्या.

आणि तालुक्याला जायच्या आधी आशाताईला गाठा. ती चारदा आली, पाचव्यांदा तुम्ही तिच्याकडं जा. तिला विचारा, पुढचं लसीकरण अंगणवाडीत कधी आहे, आणि धनगरवाड्याच्या सहा घरांसकट तुमच्याच गावात ठेवता येईल का. चार-सहा बाळं एका जागी मिळणार असतील तर नर्सबाईंना येणं जमतं. पावसाळ्याचा विचार मात्र आधीच करायला हवा. ज्या वाड्या जूनपासून तुटतात, तिथल्या बाळांचे शक्य तेवढे डोस मेमध्येच उरकावेत आणि साकव उभा राहिला की पहिला फेरा तिथं व्हावा, हे आरोग्य केंद्राच्या आराखड्यात लिहून घेता येतं. पंचायतीच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. तुम्ही मांडलात तर ऐकतील. ज्या बाईकडं बघून सहा घरं थांबली, तिच्या शब्दाला गावात वजन आहे, हे आशाताईच तुम्हाला सांगून गेलीय. तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं. मला त्यात आशा दिसते. त्या बायकांना तुम्ही भाषण देऊ नका. नुसतं सांगा की मी नातवाला घेऊन चाललेय, बाटलीवरचा चौकोन मी स्वतः बघणार आहे, तुम्हीपण या.

कर्नाटकात 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत साधारण 100 तली 84 बाळं पूर्ण लसीकरण झालेली निघाली. चांगला आकडा आहे. राहिलेली 16 कुठं असतील? तुमच्या धनगरवाड्यावर असतील, निपाणी-चिकोडीकडं ऊसतोडीला आलेल्या खोपटांत असतील, ज्यांच्या आया एक दिवस मोडला तर त्या दिवसाची मजुरी गमावतात. तालुक्याला जायचा दिवस मोडतो असं तुम्ही लिहिलंत, ते मी विसरले नाही. सुनेची ती मजुरी बुडणार असेल तर लेकाला सांगा, अडाणी म्हणायच्या ऐवजी त्या दिवसाचं गाडीभाडं आणि मजुरी गोव्याहून पाठव.

सुनेशी आजच बोला. फार काही बोलायला नको. तिच्या बाळाच्या त्या तापाच्या रात्रीची चौकशी करा, ती एकटी कशी जागली ते विचारा. या वेळी मी तुझ्याबरोबर येते, असं सांगा.

दोन्ही कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून जमिनीचा उतारा ठेवता त्याच ट्रंकेत ठेवा. जायच्या दिवशी बाळाला उपाशी न्यायचं नाही, सुई झाल्या झाल्या सुनेनं तिथंच पाजलं तर रडणं लवकर थांबतं. अंगडं सैल बाह्यांचं घाला आणि खाली नुसतं लंगोट असू दे, म्हणजे दंड आणि मांड्या पटकन मोकळ्या होतात आणि बाळाला थंडीत उघडं धरून बसावं लागत नाही.